डाव्या खिशातलं

चाचांच्या सदऱ्याला दोन खोल खिसे होते. उजवा त्यांचा, डावा दुनियेचा. उजव्यात चष्म्याचं घर, सुपारीची डबी आणि बसच्या तिकिटापुरते सुटे पैसे. डाव्यात कुणाच्या कुलपाची किल्ली, कुणाचं पोस्टात टाकायचं पाकीट, कुणाच्या आईसाठी बुलढाण्याहून आणलेल्या गोळ्या. चुकून डाव्यातली वस्तू उजव्यात गेली तर त्या दिवशी ते जेवतानाही कुरकुरतात, असं चाची सांगायच्या.

एकदा मी त्यांच्या हातावर मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले आणि घाईत पुढे गेले. संध्याकाळी निघताना त्यांनी ते जसेच्या तसे माझ्या टेबलावर आणून ओतले.

"चाचा, अहो, खायला दिले होते!"

"मंग तसं बोलाचं ना बेटा. म्या समजलो, सांभाळाले देल्ले."

आता अशा माणसाला काय म्हणावं? मी कपाळावर हात मारला आणि त्यांच्यासमोर बसून सगळे दाणे एकटीने खाल्ले.

धामणगाव बढेच्या बाहेर एका ट्रस्टचं बियाणे केंद्र होतं. पेरणीच्या आधी आजूबाजूचे शेतकरी घरचं सोयाबीन पिशवीत घालून आणायचे आणि आम्ही त्यातलं किती उगवतं ते तपासून सांगायचो. माझ्याकडे आणखी एक काम होतं. खेड्यापाड्यांतून बायकांनी गाडग्यांत जपलेलं गावरान बियाणं शोधायचं, त्याचे फोटो काढायचे आणि ते कधी पेरायचं, कसं राखायचं, कसं रांधायचं हे त्या बाईच्याच आवाजात टेप करून आणायचं. मी मूळची धाडची, आठवडी बाजाराच्या गावात वाढलेली. ओळख नसताना कुणाच्याही ओसरीवर बसून चहा मागायला मला कधी लाज वाटली नाही, आणि भांडायलाही नाही. हे सगळं जमवलेलं ज्या कॉम्प्युटरमध्ये राहायचं तो सर्व्हर म्हणजे चाचांचं राज्य.

चाचा रोहिणखेडचे. अर्धं आयुष्य मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर-खोलीत काढलेलं. गुडघ्यांनी मुंबईचे जिने नाकारले तेव्हा गावी परतले आणि आमच्या ट्रस्टने त्यांना धरलं. सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. ते का, दुसरं का नाही, असं कुणी विचारलं की चाचा खुर्ची ओढून बसत, आणि मग विचारणाऱ्याची शेवटची बस चुके.

पण त्यांचा खरा विषय एकच. सर्व्हरमध्ये प्रोग्राम एका जागी आणि आमची माहिती दुसऱ्या जागी. दोन्हींच्या मध्ये भिंत. प्रोग्रामच्या फोल्डरात कुणी काही लिहू शकत नसे. आम्ही नाही, साहेब नाहीत, खुद्द प्रोग्रामसुद्धा नाही. त्याने आपलं काम करावं आणि जे लिहायचं ते माहितीच्या फोल्डरात जाऊन लिहावं. पहिल्या फोल्डराला चाचा पिंजणखोली म्हणत आणि दुसऱ्याला कापूसखोली.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांचे वडील पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली फिरायचे, लोकांच्या गाद्या उसवून कापूस पिंजून परत भरून द्यायचे.

"माहा बाप मले एकच गोष्ट शिकवून गेला," चाचा म्हणायचे. "पिंजण आपली, कापूस दुसऱ्याचा. पिंजण मोडली त बजारातून दुसरी आनता येते. गिऱ्हाइकाचा कापूस इकडचा तिकडं झाला त तोंड दाखवाले जागा राहत नाही. हा तुमचा सर्व्हर म्हंजे काय हाय? पिंजाऱ्याचंच काम हाय ना बे!"

साहेब, म्हणजे आमचे संचालक, एकदा चिडले. त्यांना कुठलीशी फाइल प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवायची होती आणि सर्व्हर ठेवू देईना. "अहो चाचा, मी या केंद्राचा प्रमुख आहे. मलाही परवानगी नाही?"

"साहेब, दळन घेऊन चक्कीवर जाता ना तुमी? डबा देता, बाहेर उभे राहता. चक्कीच्या पोटात हात घालता का?"

साहेब पाय आपटत गेले. चाचा उजव्या खिशातून डबी काढून शांतपणे सुपारी खाऊ लागले. मला मनातून फार मजा आली, खोटं कशाला बोलू.

या तऱ्हेपायी घरात चाचींचे काय हाल होत असतील ते त्यांनाच माहीत. "यांच्या घरात तवा अन् भाकर बी शेजारी राहत नाही," असं त्या हसून सांगायच्या. विळी, कुदळ, शिवणयंत्र एका खोलीत. धान्य, कपडे, लग्नाचे फोटो दुसऱ्या खोलीत. मधल्या दाराला कडी. घराला आग लागली तर एकाच खोलीकडे धावायचं, असा त्यामागचा हिशेब होता. आग कधी लागली नाही. भाजी चिरायला मात्र रोज दोन खोल्या फिराव्या लागायच्या.

आणि मग वर्षातून एकदा धुणं.

घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर बाहेर निघतं. गोधड्या, चादरी, सतरंज्या नदीवर जातात, गावभर दोऱ्या बांधलेल्या असतात. त्याच दिवसांत चाचा आम्हा सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत बोलावत. "तुमी गोधड्या धुता, आमी सर्व्हर धुतो," असं म्हणत आणि आमच्या डोळ्यांदेखत प्रोग्रामचा अख्खा फोल्डर पुसून टाकत. पुसणं म्हणजे पुसणंच! पडदा मोकळा. मग सीडीवरून नवा, कोरा प्रोग्राम चढवत. तो सुरू होई आणि आमची माहिती जिथल्या तिथे, एक दाणा हललेला नसे. चाचा वळून आमच्याकडे असे बघत की टाळ्या वाजवाव्याच लागत.

"याच्यासाठी भिंत लागते," ते म्हणत. "जे परत भेटते ते बिनधास्त फेकता आलं पायजे. जे परत भेटत नाही त्याले धक्का नाही लागला पायजे."

दर वर्षी मी धास्तावून बघायची, दर वर्षी काही होत नसे.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी प्रोग्राम नव्याने करून घेतला होता. तो बसवायला औरंगाबादहून एक इंजिनिअर आला, आणि नेमके तेव्हा चाचा पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेलेले. नव्या प्रोग्रामला फोटो आणि आवाज आपल्याच फोल्डरात ठेवायची सवय होती, आणि चाचांची भिंत तर त्याला लिहू देईना. इंजिनिअरला संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्याने भिंतीला भोक पाडलं, लिहायची परवानगी मोकळी केली, सगळे जुने फोटो आणि टेप तिकडेच हलवले आणि निघून गेला. कुणाला काही बोलला नाही. चाचा परत आले, त्यांनी प्रोग्राम चालतो आहे एवढं पाहिलं. आपण बांधलेल्या भिंतीला कुणी हात लावेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ते दर आठवड्याला जुनी प्रत पुसून माहितीची नवी प्रत वेगळ्या डिस्कवर काढत, पण फक्त कापूसखोलीची. पिंजणखोलीची प्रत कशाला काढायची? ती तर बाजारात मिळते.

त्या वर्षीच्या धुण्यात प्रोग्राम पुसला गेला, नवा चढला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी सहज माझ्या लाल बरबटीची नोंद उघडली. बरबटी म्हणजे तुमची चवळी. नाव होतं, गाव होतं, बाईचं नाव होतं. फोटोच्या जागी रिकामी चौकट आणि आवाजाच्या जागी काहीच नाही. मी दुसरं वाण उघडलं, तिसरं उघडलं. अंबाडी, जवस, वाळूक, वाल, सगळीकडे तेच.

दीड वर्षाचं माझं काम होतं ते. दिवाळीनंतर ट्रस्टची मंडळी मुंबईहून येणार होती, हे काम बघून वाणं जमवण्याचा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार होती. कॅमेऱ्यातलं कार्ड आणि टेपच्या कॅसेटी मी दर खेपेला सर्व्हरवर उतरवून मोकळ्या करायची. माझा विश्वासच होता ना सर्व्हरवर!

मला चाचांचा राग आला. इतका राग त्याआधी कधी कुणाचा आला नव्हता. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाचा दोन दिवस त्या खोलीत बसून पुसलेलं परत काढता येतं का ते बघत राहिले. पण त्याच जागेवर नवा प्रोग्राम येऊन बसलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी डावा खिसा उलटा करून दाखवला.

"बापानं सारी जिंदगी पिंजलं. कोनाची मूठभर रुई इकडची तिकडं होऊ देल्ली नाही. म्या तुही अख्खी गादी फुकून टाकली, बेटा."

"त्या इंजिनिअरने केलं ते," साहेब मागून म्हणाले.

"त्यानं भोक पाडलं. पुसलं कोनी? न पाहता पुसलं कोनी?" चाचांनी सदऱ्यातून घडी घातलेला राजीनामा काढला. उजव्या खिशातून.

साहेबांनी हात पुढे केला होता. माझं डोकं पुन्हा तापलं. मी तो कागद मधेच ओढून घेतला. "राजीनामा देऊन माझे फोटो येणार आहेत का? घरी बसून सुपारी खाणार, आणि मी एकटी उन्हात फिरणार? ते नाही चालायचं. उद्या सकाळी फाट्यावर या. गावांची नावं आहेत, बायांची नावं आहेत. पहिल्यापासून जायचं."

"जे गेलं ते वापस भेटत नसते, बेटा."

"ते मला सांगू नका. या म्हटलं की या."

आले. गुडघ्यांना कापडी पट्टे बांधून आले. आम्ही कधी एसटीने, कधी जीपमध्ये कोंबून घेऊन गावोगाव फिरू लागलो. मला फोटो काढायची घाई, आणि चाचांना आधी माफी मागायची. प्रत्येक दारात हात जोडून उभे राहायचे, "बाई, तुमचा माल म्या फुकला." बायांना कळायचं नाही. एका घरी तर बाई उठून आधी कोंबड्या मोजून आली. मी म्हटलं, चाचा, तुम्ही जरा ओट्यावर बसा, मी सांगते.

मी समजावून सांगितलं की बाया हसायला लागायच्या.

"फोटो गेले? गेले त गेले वं माय. आमी हाओत ना आजून! घे, काढ दुसरे."

आणि गंमत बघा. पहिल्या खेपेला मी गेले होते उन्हाळ्यात, तेव्हा गाडग्यातल्या कोरड्या बिया तेवढ्या मिळाल्या होत्या. आता शेतं उभी होती. वालाला फूल होतं, अंबाडीला बोंडं होती. बाया हाताला धरून बांधावर न्यायच्या, "मांगच्या टायमाले हे सांगायचंच राहून गेलं होतं" म्हणून नवीन सांगायच्या. चाचा टेपरेकॉर्डर छातीशी धरून मागे मागे चालायचे. त्यांचं तोंड अजून पडलेलंच होतं, पण चौथ्या-पाचव्या गावापासून ते बायांना उलट प्रश्न विचारू लागले. राखेत किती दिवस? कडुलिंबाचा पाला ओला की वाळलेला? मला जरा धीर आला.

मग शेवंताबाईंचं गाव आलं. लाल बरबटी त्यांची. माझ्या सगळ्या टेपांमध्ये सगळ्यात गोड आवाज त्यांचा. बोलता बोलता त्या हाताने शेंग सोलल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "हे बरबटी म्हंजे लाजरी पोरगी, सावलीत फुलते, उन्हात रुसते." दारात सून उभी होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि सांगितलं, सासूबाई श्रावणात गेल्या.

मी सुन्न झाले. "आणि बरबटी?" एवढंच विचारलं.

"गाडग्यात सोंडे पडले वं बाई. त्या आजारी होत्या, कोनाचं ध्यान राह्यलं नाही. साऱ्या दान्याले भोकं पडले, कोंबड्याईले टाकून देल्लं."

चाचा उठले आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते. म्हातारा माणूस, परक्याच्या अंगणात असा रडतो आहे, हे मला बघवेना. त्या क्षणी माझा सगळा राग गेला. ते म्हणत होते तेच खरं होतं, काही गोष्टी परत मिळत नाहीत.

सून गोंधळून माझ्याकडे बघत होती. "पन तुमाले बरबटीच पायजे ना? माह्या मोठ्या नंदेकडं हाय की. रोहिनखेडले देल्ली हाय तिले."

"रोहिनखेडले?" चाचा गर्रकन वळले.

"हाव. अखजीच्या सनाले माहेरी आली की सासूबाई तिच्या ओटीत दरसाल मूठभर बांधून देत. बियानं काय एका घरात ठेवत असतेत का?"

ती हे इतक्या सहज बोलली आणि आत चहा ठेवायला गेली. चाचा तिथेच उभे होते. चहा झाल्यावर त्यांनी कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि म्हणाले, "चाल बेटा, माह्या गावाले चाल."

शेवंताबाईंची लेक चाचांच्या घरापासून फार तर दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. इतकी वर्षं शेजार, आणि तिच्या परसात काय फुललं आहे याचा चाचांना पत्ता नव्हता. कुंपणावर लाल बरबटीचा वेल चढला होता, शेंगा लोंबत होत्या. मी टेप सुरू केला आणि विचारलं, ताई, ही कशी लावायची? तिने हाताने शेंग सोलल्यासारखं केलं.

"हे बरबटी ना बाई, लाजरी पोरगी हाय. सावलीत फुलते, उन्हात रुसते."

तोच हेल, तोच ठसका. चाचांच्या हातातला टेपरेकॉर्डर थरथरत होता, म्हणून त्या टेपवर सुरुवातीला खरखर आहे. ती मी कधी काढून टाकली नाही.

निघताना चाचांनी तिच्यापुढे डाव्या खिशाचं तोंड उघडं धरलं आणि तिने त्यात मूठभर दाणे टाकले. बसस्टँडपर्यंत ते खिशावर हात ठेवून चालले. मग एकदम म्हणाले, "म्या भिंती बांधत राह्यलो बेटा. भिंत पायजेच. पन लेकी बी पायजेत."

ट्रस्टची मंडळी दिवाळीनंतर आली. त्यांनी फोटो बघितले, बांधावरची फुलं बघितली, बायांचे आवाज ऐकले. खरखरीची बरबटी त्यांनी दोनदा ऐकली. विभाग चालू राहिला. चाचांच्या राजीनाम्याचा कागद माझ्याकडे होता, तो मी चाचींना चूल पेटवायला दिला.

पुढच्या वर्षी घटाच्या आधी आम्ही पुन्हा त्या खोलीत जमलो. चाचांनी भिंतीचं भोक बुजवून फोटो-टेप परत कापूसखोलीत नेले होते. धुणं मात्र काही सोडलं नाही, ते सोडतील कसे! पण आता पिंजणखोलीतला एकेक फोल्डर उघडून ते आम्हाला दाखवत आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून विचारत, "याच्यात तुहं काई हाय का? पाहून घे. मंग बोंबलू नको." साहेबांनाही विचारत. आणि दर महिन्याला कापूसखोलीची एक प्रत धाड गावी माझ्या वडिलांच्या घरी जायची, एक रोहिणखेडला बरबटीवाल्या ताईंकडे. ताईंकडे कॉम्प्युटर नव्हता. त्या डिस्क गाडग्यात ठेवायच्या, कडुलिंबाच्या पाल्यात. चाचांनी सांगितलं पाला नको, पण त्यांनी ऐकलं नाही.

काही वर्षांनी मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली. निघायच्या दिवशी सगळ्यांनी हार वगैरे घातला. चाचा मागे उभे होते. सगळ्यांचं झाल्यावर पुढे आले, डाव्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या ओढणीच्या टोकाला बांधू लागले. त्यांना गाठ नीट येईना.

"हे काय चाचा?"

"डिस्क हाय. अन् मूठभर बरबटी. लेक घरातून जाऊन राह्यली. तुमच्यात रिकाम्या ओटीनं धाडतात का कोनी?"

मी रडले. हो, सगळ्यांसमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि शेवटी म्हणाले, "हे तुहं नाही हाय, ध्यानात ठेव. हे सांभाळाले देल्लं."

बरबटी मी अकोल्यात दरवर्षी लावते. घराला कुंपण नाही, गच्चीवर डब्यात लावते. नवीन डिस्क चाचा कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवत राहिले, मी आधीची परत करत राहिले.

गेल्या पावसाळ्यात दुपारी फोन आला. चाचा आता केंद्रात रोज जात नाहीत, पण आवाज तसाच खणखणीत.

"बेटा, केंद्रावर वीज पडली. सर्व्हर गेला. डिस्क बी गेली. सारं जळलं."

"आई गं! आणि धाडची? ताईंकडची?"

"धाडची, तुह्या बापाच्या घराचे पत्रे उडाले तवा भिजली. ताईची पाल्यात सडली, म्या बोललो होतो तिले." आणि ते हसले. खरोखर हसले. "त आता माहेराचं बियानं तुह्याच घरी हाय. दे वापस."

मी फोन खांद्यात धरून कपाटाकडे गेले. माझ्या कपाटात एक खण आहे, त्यात माझं असं काहीच नाही. डिस्क तिथेच होती, बरबटीच्या पुरचुंडीशेजारी.

"आहे चाचा. दोन्ही पाठवते."

त्यांनी खात्री करून घेतल्यासारखं विचारलं, "कोन्त्या खिशात ठेवलं होतं?"

"डाव्या, चाचा."

"शाब्बास," ते म्हणाले.